पद गेले, पत उरली: जिमी कार्टर आणि नारूचा पाठलाग

२० जानेवारी १९८१ रोजी दुपारी रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्या क्षणापासून जिमी कार्टर माजी राष्ट्राध्यक्ष झाले. तेहरानमध्ये ४४४ दिवस ओलीस असलेल्या ५२ अमेरिकनांना घेऊन विमान उडाले ते त्यानंतर काही मिनिटांनी. त्यांच्या सुटकेच्या वाटाघाटींसाठी कार्टर यांनी पदावरचे शेवटचे दोन दिवस जवळजवळ न झोपता काढले होते. पण वाटाघाटी फळाला आल्या तेव्हा ती बातमी देशाला सांगण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेलेला होता. संध्याकाळी ते जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या सहा-सातशे वस्तीच्या आपल्या गावी पोचले, दुसऱ्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीवरून पश्चिम जर्मनीतल्या वीसबाडेन येथे जाऊन सुटलेल्या लोकांना भेटले आणि पुन्हा गावी परतले. वय ५६ वर्षांचे होते. आदल्या नोव्हेंबरात ५० पैकी ४४ राज्यांनी त्यांना नाकारले होते. भुईमुगाच्या शेंगांचा घरचा व्यवसाय, पदाचा लाभ उठवल्याचा आरोप नको म्हणून, त्रयस्थ विश्वस्ताच्या हाती दिलेला होता, तो चार वर्षांत सुमारे दहा लाख डॉलरच्या कर्जात बुडालेला निघाला आणि विकून टाकावा लागला.

अशा माणसाने पुढची चव्वेचाळीस वर्षे काय केले, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. कार्टर चांगले होते, साधे राहत होते, त्यांना नोबेल मिळाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याच्या सहीला आता कायद्याने काहीच किंमत नाही, असा माणूस परदेशातल्या सरकारांकडून कामे करून घेतो ती कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

माजी राष्ट्राध्यक्षाला कायदा काय देतो, ते आधी पाहू. अमेरिकेत १९५८ पर्यंत काहीच देत नव्हता. हॅरी ट्रुमन १९५३ मध्ये पायउतार झाले तेव्हा त्यांना जुन्या लष्करी नोकरीचे तुटपुंजे निवृत्तिवेतन तेवढे मिळत होते, आणि पत्रांना उत्तरे देण्याचा खर्चही परवडत नाही अशी त्यांची तक्रार होती. (ही हलाखी त्यांनी सांगितली तितकी खरी नव्हती, असे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या कागदपत्रांवरून दिसून आले, पण तोवर कायदा होऊन गेला होता.) १९५८ च्या त्या कायद्याने माजी राष्ट्राध्यक्षाला मंत्रिमंडळातल्या मंत्र्याच्या पगाराइतके निवृत्तिवेतन, कार्यालयाचे भाडे आणि थोडा कर्मचारीवर्ग मिळू लागला, सुरक्षारक्षक वेगळ्या कायद्याने मिळतात. यात पैसा आहे, सोय आहे, अधिकार मात्र कसलाही नाही. माजी राष्ट्राध्यक्ष कोणत्याही सभागृहाचा पदसिद्ध सदस्य नसतो, एखाद्या कारकुनालाही आदेश देऊ शकत नाही. आपल्याकडे माजी पंतप्रधान खासदार म्हणून सभागृहात बसलेले दिसतात, विरोधी पक्षाचे नेतृत्व करतात, प्रसंगी पुन्हा पंतप्रधानही होतात. अमेरिकेत तशी वाट जवळजवळ नाही. एकच कारकीर्द झाल्यामुळे कार्टर कायद्याने पुन्हा उभे राहू शकले असते, पण इतक्या मोठ्या पराभवानंतर स्वपक्षातही त्यांना कोणी विचारत नव्हते.

मराठीत पद आणि पत हे दोन शब्द एका अक्षराच्या अंतरावर आहेत, आणि कार्टर यांची गोष्ट त्या अंतरातच घडते. पद मुदतीने संपते. पत माणसाच्या नावावर राहते. मात्र ती बँकेतल्या ठेवीसारखी असते, वापरली की घटते आणि जपून गुंतवली तर वाढतेही. माजी राष्ट्राध्यक्षाकडे उरलेली पत म्हणजे मुख्यतः एवढेच, की त्याने कोणत्याही देशाच्या प्रमुखाला दूरध्वनी केला तर तो घेतला जातो, आणि तो एखाद्या खेड्यात गेला तर त्याच्यामागे त्या देशाचा आरोग्यमंत्री आणि छायाचित्रकारही जातात. बहुतेक माजी नेते ही पत कंपन्यांच्या संचालक मंडळांवर आणि भरघोस मानधनाच्या भाषणांमध्ये खर्च करतात. त्यात बेकायदा काही नाही. कार्टर यांनी ते दोन्ही मार्ग टाळले आणि उदरनिर्वाहासाठी पुस्तके लिहिली. तीसहून अधिक लिहिली, आणि त्यांतली सगळीच वाचनीय आहेत असे म्हणवत नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या कागदपत्रांसाठी देणग्या गोळा करून ग्रंथालय बांधायचे आणि ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात द्यायचे, अशी तिथे रीत आहे. अटलांटा शहरात असे ग्रंथालय उभारायचे ठरलेच होते, पण स्वतःचे स्मारक बांधत बसण्यात कार्टर यांना रस नव्हता. १९८२ च्या सुरुवातीला एका रात्री ते झोपेतून एकदम उठून बसले. पत्नी रोझलिन यांना वाटले, बरे नसेल. ग्रंथालयाला जोडून काय करता येईल ते आपल्याला सुचले आहे, असे त्यांनी सांगितले: जिथे भांडणारे पक्ष समोरासमोर येऊन बसू शकतील अशी जागा. १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांना तेरा दिवस एका कुंपणाआड ठेवून त्यांनी समझोता घडवला होता. त्याचीच ही खासगी आवृत्ती. एमरी विद्यापीठाच्या साथीने त्याच वर्षी कार्टर सेंटर स्थापन झाले. आपण भांडणे मिटवण्यासाठी काढलेली संस्था पुढे ओळखली जाईल ती एका किड्यामुळे, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

नारू म्हणजे काय

त्या किड्याचे नाव मराठी माणसाला नव्याने सांगावे लागू नये, पण आता सांगावे लागते. साठी ओलांडलेल्या, कोरडवाहू गावात वाढलेल्या कोणालाही विचारा, नारू म्हटल्यावर चेहऱ्यावर काहीतरी उमटते. महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडू अशा सात राज्यांत हा रोग होता. १९८४ मध्ये झालेल्या मोजणीत देशभरातल्या १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्ण सापडले होते.

रोग कसा होतो, ते पाहण्यासाठी बारव डोळ्यांसमोर आणावी. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचे आणि घागर भरायची, अशी तिची रचना. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे जीव असतात आणि नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात वाढतात. पाणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्स माणसाच्या पोटात जातो. जठरातल्या आम्लात तो मरतो, अळी मात्र जिवंत राहते आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. जवळजवळ वर्षभर काहीही कळत नाही. नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो, मादी वाढत वाढत साठ ते शंभर सेंटीमीटर लांब होते आणि त्वचेखालून सरकत बहुधा पायाकडे येते. मग तिथे फोड येतो. त्याची आग इतकी भयंकर असते की माणूस गार पाण्यात पाय बुडवायला धावतो, आणि मादी नेमकी याचीच वाट पाहत असते: पाण्याचा स्पर्श होताच ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या सायक्लॉप्स गिळतात, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

फोड फुटला की शेवईसारखा पांढरा धागा बाहेर डोकावतो. त्याचे टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे, काही सेंटीमीटरच ओढायचे. घाई केली आणि किडा आत तुटला तर पाय सुजतो, पू होतो, कधी सांधा कायमचा आखडतो. ही काडी हजारो वर्षांपूर्वीची आहे, आणि आजही यापेक्षा चांगला उपाय नाही. नारूवर औषध नाही, लस नाही, आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असेही नाही. रोगाने माणूस सहसा मरत नाही, पण कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो, आणि हे आठवडे बहुधा पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत येतात. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधले डोगोन लोक याला रिकाम्या कोठारांचा रोग म्हणतात.

आता हे सगळे उलट बाजूने वाचावे. औषध नसले तरी या किड्याचे जीवनचक्र तोडणे अवघड नाही: प्यायचे पाणी दाट विणीच्या कापडाने गाळले की सायक्लॉप्स अडकतो, आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिले नाही की अळ्या पाण्यात जात नाहीत. वर्षभर एखाद्या गावात ही दोन पथ्ये कसोशीने पाळली गेली, तर पुढच्या वर्षी तिथे नारू उरत नाही. देवीच्या रोगाचे निर्मूलन लशीच्या जोरावर झाले. नारू हा औषध आणि लस या दोन्हींशिवाय, माणसांच्या सवयी बदलूनच संपवायचा होता.

भारताने हे स्वतःच्या बळावर केले, हे इथेच सांगून टाकतो, कारण कार्टर यांच्या कौतुकात ते कधी कधी झाकले जाते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, बारवांच्या जागी हातपंप आले, गावोगाव रुग्णशोध मोहिमा झाल्या, आणि साठवलेल्या पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले गेले. (डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी आपल्या टाकीत टाकून जातात ते अ‍ॅबेट म्हणजे हेच.) जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

माजी नेत्याने काय केले

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने नारूच्या उच्चाटनाचा ठराव केला, त्या वर्षी आफ्रिका आणि आशियात मिळून सुमारे ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. देवी निर्मूलनात काम केलेले डॉक्टर डोनाल्ड हॉपकिन्स हे या कल्पनेमागचे मुख्य डोके. तंत्र तयार होते, खर्च आवाक्यातला होता, अडचण वेगळीच होती: हा रोग राजधानीत होत नव्हता. ज्या खेड्यांत तो होता तिथे रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, आणि मंत्र्यांना भीती वाटावी इतकी मतेही नव्हती. कित्येक देशांच्या आरोग्यमंत्र्यांना आपल्याकडे किती रुग्ण आहेत हेच माहीत नव्हते. अशा ठिकाणी शास्त्रज्ञाच्या पत्राला उत्तर येत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष पाहुणा म्हणून येणार असेल, तर मात्र तो येण्याआधी आकडे गोळा करावे लागतात.

मार्च १९८८ मध्ये कार्टर दांपत्य घानाची राजधानी आक्राजवळच्या डेनचिरा या गावी गेले. गर्दीच्या कडेला एक तरुण स्त्री छातीशी मूल धरून उभी आहे असे कार्टर यांना वाटले, म्हणून ते मुलाची चौकशी करायला पुढे गेले. मूल नव्हते. सुजून मोठ्या झालेल्या स्तनाला तिने हाताने आधार दिला होता आणि स्तनाग्रातून नारू बाहेर येत होता. त्या वर्षी तिच्या शरीरातून आणखी अनेक नारू निघाले, असे त्यांना नंतर कळले. पुढची तीस वर्षे ते हा प्रसंग सांगत राहिले, आणि समोर कंपनीचा अध्यक्ष असो की राष्ट्रप्रमुख, तो ऐकून कोणाला सहज विषय बदलता येत नसे.

कापडाचे उदाहरण घेऊ. साध्या सुती फडक्याने पाणी गाळता येते, पण उष्ण दमट हवेत सुती कापड लवकर कुजते आणि गाळाने तुंबते. न कुजणारे, अगदी बारीक आणि एकसारख्या विणीचे नायलॉनचे कापड हवे होते आणि ते बाजारात मिळत नव्हते. कार्टर यांनी ड्युपाँट कंपनीच्या वरिष्ठांकडे शब्द टाकला. कंपनीने तसा धागा तयार केला, दुसऱ्या एका कंपनीने तो विणून दिला, आणि कापडाचे लाखो तुकडे देणगी म्हणून खेड्यांत पोचले. पुढे गुराख्यांसाठी आणि भटक्या लोकांसाठी गळ्यात अडकवायची नळी आली: छोट्या नळीच्या तोंडाशी त्याच कापडाची चकती, डबक्यात नळी बुडवायची आणि पाणी ओढून प्यायचे. टेमेफॉस बनवणाऱ्या कंपनीकडूनही अशीच देणगी आली. यांतल्या कोणत्याही कंपनीवर कार्टर यांची सक्ती नव्हती. त्यांना नाही म्हणणे अवघड होते, एवढेच.

त्यांची दुसरी युक्ती मला अधिक हुशारीची वाटते. आपली पत दर ठिकाणी चालणार नाही हे ओळखून त्यांनी इतर माजी नेते कामाला लावले. मालीमध्ये लष्करी उठावानंतर सत्ता हाती आलेले आणि निवडणूक घेऊन १९९२ मध्ये ती स्वेच्छेने सोडणारे अमादू तुमानी तुरे नारूविरोधी मोहिमेत उतरले. नायजेरियात माजी लष्करप्रमुख-राष्ट्रप्रमुख याकुबू गोवोन १९९९ पासून खेड्यापाड्यांत फिरू लागले. परदेशी पाहुणा तळ्याकाठच्या गावाला पाण्यात उतरू नका असे सांगतो, तेव्हा गावकरी हसून मान डोलावतात. पण ज्याचे चित्र कधीकाळी शाळेच्या भिंतीवर होते तो जनरल हेच सांगायला आला, तर पंप बसवण्याचे राहिलेले काम पुढच्या आठवड्यात होते. १९८० च्या दशकाअखेर साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण मोजलेल्या नायजेरियात शेवटचा रुग्ण २००८ मध्ये नोंदला गेला.

आणि १९९५ मध्ये, सुदानमध्ये, संस्थेचा मूळ हेतू आणि हा किडा एकत्र आले. तिथे उत्तर-दक्षिण यादवी चालू होती, आरोग्यसेवकांना गावांपर्यंत पोचता येत नव्हते. कार्टर यांनी खार्टूमचे सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर या दोघांनाही गाठून, राजकीय तडजोड बाजूला ठेवून, नारूचे काम करता यावे एवढ्यासाठी बंदुका थांबवा असे सुचवले. दोन महिन्यांचा युद्धविराम ठरला आणि तो वाढत वाढत जवळजवळ सहा महिने टिकला. युद्ध त्याने संपले नाही. पण तेवढ्या काळात गावे मोजली गेली, गाळण्या वाटल्या गेल्या, मुलांना लसी टोचल्या गेल्या.

आरोग्याकडे वळण्याचे एक कारण घरातही असावे. कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या अमेरिकी शांतिदलाच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात काम करू लागल्या. एकवीस महिने त्या भारतात होत्या. हरियाणातल्या एका गावाचे नाव कार्टर यांच्या १९७८ च्या भेटीनंतर कार्टरपुरी झाले, त्यामुळे लिलियनबाई तिथेच राहिल्या होत्या असे पुष्कळांना वाटते, पण त्यांचा मुक्काम विक्रोळीतला. मुलाचाही महाराष्ट्राशी संबंध पुढे आला: गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेबरोबर कार्टर दांपत्य १९८४ पासून दरवर्षी आठवडाभर स्वतः बांधकाम करत असे, आणि २००६ मध्ये तो आठवडा लोणावळ्याजवळच्या पाटण गावी झाला. तिथे शंभर घरे उभी राहिली. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि हातात हातोडी घेऊन कामावर होते. सुतारकाम त्यांचे आवडते, व्हाइट हाऊस सोडताना सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून सुतारकामाची हत्यारेच दिली होती.

मतमोजणीच्या रात्री

निवडणूक निरीक्षण हे संस्थेचे दुसरे मोठे काम; शंभराहून अधिक निवडणुकांवर तिने निरीक्षक पाठवले. त्याची पद्धत समजायला सोपी आहे. सगळ्या मतदान केंद्रांवर नजर ठेवता येत नाही, म्हणून काही केंद्रे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, तिथली मते मोजली जात असताना निरीक्षकाने उभे राहायचे आणि आकडा थेट आपल्या कार्यालयाला कळवायचा. नमुना नीट निवडला असेल, तर एकूण निकाल काय लागणार हे मध्यरात्रीपर्यंत बऱ्याच अचूकपणे कळते, आणि सरकारने सकाळी वेगळाच आकडा जाहीर केला तर चोरी उघडी पडते.

मे १९८९ मध्ये पनामात हेच झाले. तिथले लष्करशहा जनरल नोरिएगा यांच्या माणसांनी बनावट मतपत्रके मोजायला आणली, तेव्हा कार्टर मोजणीच्या जागी उभे राहून तुम्ही प्रामाणिक आहात की चोर, असे स्पॅनिशमध्ये ओरडले, आणि मग पत्रकारांना बोलावून निवडणूक लुबाडली जात असल्याचे त्यांनी सांगितले. हे सांगण्याचा हक्क पनामाच्या लोकांनी त्यांना दिला त्याला कारण होते: १९७७ मध्ये पनामा कालवा त्या देशाला परत देण्याच्या करारांवर सही करणारे कार्टरच होते. त्या करारांनी मायदेशी त्यांची मते घटवली. पत मात्र बारा वर्षांनी पनामात कामी आली.

पुढच्याच फेब्रुवारीत निकाराग्वात सत्ताधारी सँडिनिस्टा पक्ष हरला, आणि नमुना मोजणीने ते कळल्यावर कार्टर रात्रीच त्या पक्षाचे नेते, राष्ट्राध्यक्ष दानियेल ओर्तेगा यांच्याकडे गेले. क्रांती करून सत्तेवर आलेल्या आणि सैन्य हाताशी असलेल्या माणसाला, मतपेटीने सांगितले म्हणून घरी जा, हे समजवायचे होते. आपण निवडणूक जिंकलेलीही आहे आणि हरलेलीही आहे, हरल्याने जग बुडत नाही, अशा अर्थाचे काहीतरी कार्टर यांनी त्यांना सांगितले. हे वाक्य विजेत्याच्या तोंडी शोभले नसते. ओर्तेगांनी पराभव मान्य केला आणि विओलेता चामोरो राष्ट्राध्यक्ष झाल्या. (ओर्तेगा २००७ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, आणि त्यानंतर हटलेच नाहीत, पण तो दोष त्या रात्रीचा नव्हे.)

सीमारेषा कुठे

हीच पत कार्टर यांनी कधी कधी रेषा ओलांडून वापरली, आणि ते झाकू नये. नोव्हेंबर १९९० मध्ये, इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास मंजुरी देऊ नका, असे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या देशांच्या नेत्यांना पत्राने कळवले. त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या देशाचे सरकार ती मंजुरी मिळवण्यासाठी धडपडत होते आणि या पत्रांची त्याला कल्पना नव्हती. युद्धाला विरोध करणे हा त्यांचा नागरिक म्हणून हक्क होता. परकी सरकारांना आपल्या सरकारविरुद्ध मत द्यायला सांगणे ही वेगळी गोष्ट. खासगी नागरिकाने परक्या सरकारशी परस्पर वाटाघाटी करू नयेत, असा अमेरिकेत १७९९ चा लोगन कायदा आहे. त्याखाली आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही, पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या संतापाला कारण होते, असेच म्हणावे लागते.

जून १९९४ मधली उत्तर कोरियाची भेट याहून गुंतागुंतीची. अणुप्रकल्पावरून युद्धाची भाषा सुरू झाली होती. बिल क्लिंटन यांच्या संमतीने, पण खासगी नागरिक म्हणून, कार्टर प्योंगयांगला गेले. किम इल सुंग यांनी अणुकार्यक्रम गोठवण्याची तयारी दाखवली, आणि कार्टर यांनी ते सीएनएन वाहिनीवरून जगाला सांगून टाकले. व्हाइट हाऊसमध्ये त्याच वेळी जादा सैन्य पाठवण्याचा विचार चालू होता आणि तिथली मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसून आपल्याच धोरणाची बातमी ऐकत होते. संतापले सगळे, पण ऑक्टोबरमध्ये करार झाला तो त्याच धाग्यावर. इथे गोम अशी आहे, की किम यांना सरकारी दूतासमोर नमते घेणे जमले नसते; माजी राष्ट्राध्यक्षासमोर ते पाहुणचार म्हणून खपून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात हैतीमध्ये, अमेरिकी सैनिकांची विमाने आकाशात असताना, निवृत्त सेनाधिकारी कॉलिन पॉवेल आणि सिनेटर सॅम नन यांच्यासह कार्टर यांनी तिथल्या लष्करशहांना सत्ता सोडायला राजी केले. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरील त्यांच्या पुस्तकाने मात्र २००७ मध्ये त्यांच्याच संस्थेच्या सल्लागार मंडळातले १४ जण राजीनामा देऊन बाहेर पडले. २००२ चे शांततेचे नोबेल त्याआधीच्या बेरीज-वजाबाकीनंतरचे होते.

प्लेन्स

एवढे सगळे करून माणूस राहत होता ते १९६१ मध्ये बांधलेल्या, दोन शयनकक्षांच्या बैठ्या घरात. रविवारी गावातल्या मॅरानाथा बाप्टिस्ट चर्चमध्ये ते बायबलचा वर्ग घेत, आणि त्यासाठी देशभरातून आलेले लोक पहाटेपासून रांग लावत. वर्ग आणि प्रार्थना संपल्यावर नवरा-बायको बसून राहत आणि प्रत्येकाबरोबर एक छायाचित्र काढून घेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ९५ व्या वर्षी, घरात पडून त्यांच्या कपाळाला चौदा टाके पडले, तरी त्याच दिवशी ते घरबांधणीसाठी टेनेसीतल्या नॅशव्हिलला पोचले. डोळा काळानिळा होता, डोक्याला पट्टी होती. रोझलिन सोबत होत्याच. मानसिक आरोग्याचे संस्थेतले काम त्यांनी उभे केले होते, आणि ७७ वर्षांच्या संसारानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या.

ऑगस्ट २०१५ मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत पोचल्याचे त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितले. अजून काय करायचे राहिले आहे, असे कोणी तरी विचारले, तेव्हा आपल्याआधी शेवटचा नारू मरावा अशी इच्छा आहे, असे त्यांचे उत्तर होते. नव्या औषधाने कर्करोग हटला. नारूने मात्र वेगळीच वाट काढली. २०१२ मध्ये चाडमध्ये कुत्र्यांत नारू सापडू लागला होता. मासे साफ करून टाकलेली घाण खाऊन किंवा डबक्यातले पाणी पिऊन कुत्र्यांना तो होतो आणि कुत्र्याला पाण्यात उतरू नको असे सांगता येत नाही. म्हणून आता तिथे माशांची आतडी पुरली जातात, फोड आलेला कुत्रा खुंटीला बांधून ठेवला जातो, आणि जो मालक तो बांधतो आणि कळवतो त्याला रोख बक्षीस मिळते.

कार्टर यांनी २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पार करून, प्लेन्सच्या घरी प्राण सोडला. त्या वर्षी जगात नारूचे १५ रुग्ण होते, चाडमध्ये ९ आणि दक्षिण सुदानमध्ये ६. प्राण्यांमधला आकडा शेकड्यांत होता. एखाद्या देशाला नारूमुक्त म्हणायचे तर सलग तीन वर्षे तिथे एकही रुग्ण आढळता कामा नये, आणि प्रमाणपत्र मिळायचे राहिलेले देश त्या वर्षअखेर सहा होते.